गिटारची मान महोगनीचीच हवी, हे कोणी ठरवले?

१/
‘मान महोगनीची, फिंगरबोर्ड रोझवूडचा. बाकी सगळ्या तडजोडी. शेवटी परंपरा म्हणून काही असते.’ गेल्या दोन महिन्यांत हे म्हणणे मी चार जणांकडून ऐकले: एक विक्रेता, दोन वादक मित्र आणि एक कारागीर. चौघेही आपापल्या कामात माझ्याहून कितीतरी जाणते. तरीही आजचा धागा त्यांच्या विरोधात आहे. ‘परंपरा’ हा शब्द माझ्या अभ्यासविषयातला आहे, आणि त्यांनी तो पुराव्याशिवाय वापरला आहे.

२/
निमित्त सांगतो. विद्यावेतनातून वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत मी एक गिटार बनवून घेतो आहे, नायलॉनच्या तारांची, साधी. कारागिराचा पहिलाच प्रश्न होता, ‘मान कशाची करायची?’ उत्तर शोधायला बसलो आणि थक्क झालो. एरवी ‘पूर्वापार असेच सांगतात’ असे कोणी म्हटले की साल काय, कागद कुठला, मूळ मोडी मजकूर दाखवा, असे ठणकावणारी आपली पिढी लाकडाच्या नावापुढे हात जोडून उभी राहते. ‘उबदार स्वर’, ‘जिवंत लाकूड’, ‘जुन्या काळचा आत्मा’ ही सारी शब्दकळा जाहिरातीची आहे. तिला इतिहास समजून पैसे मोजणारे लोक माझ्याच वयाचे आहेत, म्हणून हा खटाटोप. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आधी वस्तू समजून घेऊ. सतारीत जिला दांडी म्हणतात, ती गिटारची मान. वादक तिला सरळ ‘नेक’ म्हणतात. तिच्यावर फिंगरबोर्डची पट्टी चिकटवलेली, त्यात पडदे, आणि वरच्या टोकाला खुंट्यांचे हेडस्टॉक. स्वराची गोष्ट नंतर. मानेचे पहिले काम ओढ सोसण्याचे आहे. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर सर्व तारांची मिळून ओढ सुमारे ७० ते ७५ किलो भरते, इलेक्ट्रिकवर ४५ च्या आसपास, नायलॉनवर ४० च्या. जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचे लाकूड ही ओढ अहोरात्र, वर्षानुवर्षे सोसते. ते मिलिमीटरभर जरी वाकले, तरी तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि बोटे दुखू लागतात. मानेच्या लाकडाचा सारा इतिहास या ओढीचा आणि ते लाकूड कुठून मिळवायचे याचा आहे.

४/
सुरुवात सॅक्सनीतल्या एका कज्ज्यापासून करू. मार्कनॉयकिर्शेन हे वाद्यकारागिरांचे गाव. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हायोलिन करणाऱ्यांच्या श्रेणीने तक्रार केली की फर्निचर करणाऱ्या सुतारांनी गिटारीला हात लावू नये, तो हक्क आमचा. वतनांचे आणि बलुत्यांचे तंटे वाचलेल्यांना यात अपरिचित काही वाटणार नाही. त्या सुतारांच्या श्रेणीत मार्टिन नावाचे घराणे होते. त्यातला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये गाव सोडून न्यूयॉर्कला आला आणि त्याने काढलेला कारखाना आजही चालू आहे. म्हणजे ज्या वाद्याच्या लाकडांना आपण संगीताची परंपरा म्हणतो, ते वाद्य करणारे हात फर्निचरचे होते. आणि त्या शतकातल्या उंची फर्निचरची लाकडे कोणती? महोगनी आणि रोझवूड. माझे स्पष्ट मत असे की ही लाकडे कोणा संगीततज्ज्ञाने कान लावून निवडली नाहीत. ती वखारीत होती, कारागिराच्या हाताला त्यांची सवय होती आणि गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ती शोभून दिसत होती.

५/
गंमत अशी की मानेपुरते पाहिले, तर खुद्द मार्टिनच्या एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक गिटारींच्या माना महोगनीच्या नाहीतच. त्या सेडारच्या आहेत. महोगनीची मान हा त्या कारखान्याचा विसाव्या शतकातला रिवाज. आणि आज त्याच कारखान्याच्या माहितीपत्रकात अनेक गिटारींच्या मानेपुढे लाकडाचे नाव न देता नुसते ‘निवडक कठीण लाकूड’ असे लिहिलेले असते. जे चांगले मिळेल ते वापरण्याची मोकळीक. ज्यांच्या नावाने परंपरा सांगितली जाते, त्यांना ती इतकी पवित्र वाटत नाही.

६/
आता महोगनी. हे कॅरिबियन बेटांतले आणि मध्य अमेरिकेतले झाड. १७२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयात कर उठवला आणि जमैकाची महोगनी लंडनच्या सुतारांना स्वस्तात मिळू लागली. जमैकातली मोठी झाडे संपत आली तशा कुऱ्हाडी होंडुरासच्या उपसागराकडे, आजच्या बेलीझकडे वळल्या. झाडे तोडणारे होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. त्यांच्या टोळीतल्या एकाचे काम नुसते झाड शोधण्याचे असे. ऑगस्टच्या सुमारास महोगनीची पाने पिवळसर तांबूस होतात; तेव्हा एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावर चढायचे, क्षितिजापर्यंत पसरलेल्या हिरव्या रानात तेवढाच रंग हेरायचा आणि मग दाट जंगलातून टोळीला अचूक तिथवर घेऊन जायचे. त्याला ‘हंट्समन’ म्हणत. मालकाच्या हंगामाचे उत्पन्न या एका गुलाम माणसाच्या नजरेवर अवलंबून असे. बेलीझच्या राष्ट्रध्वजावर आज महोगनीचे झाड आणि दोन लाकूडतोडे दिसतात, ते या इतिहासातून आलेले आहेत.

परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो संपूर्ण बाळगावा लागतो. महोगनीच्या ‘उबेचे’ वर्णन करणाऱ्या ज्या जाहिराती मी वाचल्या, त्यांत हा हंट्समन कुठेही भेटला नाही.

७/
स्पेनमधल्या कारागिरांनी मानेसाठी घेतलेल्या लाकडाला ‘स्पॅनिश सेडार’ म्हणतात. ते स्पॅनिश नाही आणि सेडारही नाही. झाड अमेरिका खंडातले, वनस्पतिशास्त्रात ‘सेड्रेला’, महोगनीच्याच कुळातले. सिगारच्या पेट्या याच लाकडाच्या करतात. ते वजनाला हलके, कोरायला सोपे आणि सुकल्यावर फारसे न मुरडणारे. नायलॉनच्या (पूर्वी आतड्याच्या) तारांची ओढ कमी, त्यामुळे आत लोखंडी गज घालण्याची गरज नव्हती. स्पॅनिश पद्धतीत मान वेगळी करून नंतर धडाला जोडत नाहीत. मानेच्या टाचेतच खाचा पाडून त्यांत धडाच्या बाजूच्या पट्ट्या बसवतात आणि सारी गिटार मानेभोवती उभी राहते. लाकूड आणि बांधणी एकमेकांना धरून ठरलेली असतात. यातले एक उचलून दुसऱ्याच बांधणीत घातले, तर त्याला परंपरा कसे म्हणायचे?

८/
आता रोझवूड, इथे गोष्ट आपल्या घरात येते. गिटारच्या व्यवहारात आधी मान होता तो ब्राझीलच्या रोझवूडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने त्याच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि १९६९ मध्ये मार्टिनने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी दुसरे रोझवूड घेतले. त्याला जगभर ‘इंडियन रोझवूड’ म्हणतात. आपण त्याला शिसव म्हणतो. होय, तीच शिसव: आजीच्या देव्हाऱ्याची, ओटीवरच्या झोपाळ्याची, वाड्यातल्या पलंगाची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत साहेबांसाठी आणि धनिक पारशी कुटुंबांसाठी जे काळेभोर, कोरीव फर्निचर बनत असे आणि ज्याला इंग्रजीत ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणत, तेही हेच लाकूड. म्हणजे ज्या ‘पारंपरिक’ रोझवूडसाठी तुम्ही जादा पैसे मोजता, ते बहुतेक वेळा पर्याय म्हणून आलेले आहे, आणि तेही आपल्याच सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानांतून. परदेशी नाव लावून परत आले की आपण त्याला ओळखत नाही.

९/
लाकडाचा इतिहास सांगणारे बहुधा लोखंडाचा इतिहास विसरतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू या कामगाराने मानेच्या पोटात बसवायच्या, चावीने घट्ट-सैल करता येणाऱ्या गजाचे पेटंट मिळवले, साल १९२३. हाच ‘ट्रस रॉड’. तारांची ओढ वाढली की मान पुढे वाकते. गज आवळला की ती मागे येते. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत मानेच्या बाबतीत घडलेली ही सर्वांत मोठी घटना आहे आणि तिचा लाकडाच्या जातीशी काही संबंध नाही. मार्टिनने मात्र चावीचा गज १९८५ पर्यंत स्वीकारला नाही. त्यांच्या मानेत आधी आबनुसाची पट्टी असे, १९३४ पासून पोलादी पट्टी. आणि दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा पुन्हा आबनूस. जाणकार ज्या युद्धकालीन गिटारींना डोक्यावर घेतात, त्यांतल्या कित्येकींच्या मानेत काय आहे, हे रेशनिंगने ठरवले.

१०/
मग आला लिओ फेंडर. हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० मध्ये त्याने जी घन धडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तिची मान मेपलच्या एका अखंड तुकड्याची होती. फिंगरबोर्डची वेगळी पट्टी नाही. पडदे थेट मानेतच ठोकलेले. धडाला मान सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवलेली: बिघडली तर काढा, दुसरी लावा. हेडस्टॉक मागे झुकलेले नाही, त्यामुळे सारी मान साध्या सपाट फळीतून निघते आणि लाकूड वाया जात नाही. मेपल अमेरिकेतलेच, मुबलक आणि ताठ. इतके ताठ की सुरुवातीच्या गिटारींत गज घातलाच नव्हता. माना वाकू लागल्या, तेव्हा मागून खाच पाडून गज बसवला आणि वर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी भरली. त्या पट्टीकडे आज भाविकपणे पाहिले जाते. ती चूक दुरुस्त केल्याची खूण आहे.

रोझवूडची पट्टी फेंडरच्या मानेवर १९५८-५९ मध्ये चढली. मेपलवरचे लॅकर बोटांनी झिजून मान मळकट दिसू लागे, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. रोझवूडवर मळ दिसत नाही.

११/
या धाग्यातला माझा आवडता पुरावा आता येतो. गिब्सनच्या गिटारींचे हेडस्टॉक मागे १७ अंशांत झुकलेले असे. मान आणि हेडस्टॉक एकाच तुकड्यातून कापले, की त्या वाकणात लाकडाचे तंतू लांबीला समांतर राहत नाहीत, आडवे तुटतात; शिवाय नेमक्या त्याच जागी गजाच्या चावीसाठी पोकळी कोरलेली. सुताराला विचारा, तो म्हणेल इथे मोडणार. आणि इथेच मोडते. गिटार भिंतीला टेकवलेली असताना घसरली तरी पुरे होते. जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांचे हे नेहमीचे काम आहे.

१९६० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने कोन १४ अंश केला. १९६९ मध्ये मालकी बदलली. त्या सुमारास अखंड मानेऐवजी तीन तुकडे उभे चिकटवलेली मान आली आणि वाकणाच्या मागे लाकडाचा जाड उंचवटाही ठेवला जाऊ लागला. पुढे काही वर्षे महोगनीऐवजी मेपलच्या तीन तुकड्यांची मान होती. बांधणीच्या दृष्टीने पाहाल तर प्रत्येक बदल बळकटीचा. आणि संग्राहकांचा निकाल? हाच काळ ‘अधोगतीचा’. १९८१ पर्यंत उंचवटाही गेला. १९५० च्या दशकातल्या, ठिसूळ जोडाच्या गिटारींना मात्र वाड्याची किंमत येते. त्या काळच्या गिटारींत इतर दोष असतील, आहेतही. वजन वाढले होते, कामात घाई होती. पण मजबूत मान हा दोष कधी झाला? तो झाला, कारण ती ‘मूळची’ नव्हती. जुने म्हणून शहाणे, ही समजूत आपण इतिहासात मोडून काढतो आणि वाद्यांच्या दुकानात तीच विकत घेतो.

१२/
आता आकडे, कारण प्रतिवादी म्हणतील की लाकडात फरक असतोच. असतो. लाकडाचा ताठपणा गिगापास्कलमध्ये मोजतात: महोगनी सरासरी १०, कठीण मेपल सुमारे १२.६. म्हणजे मेपल पंचवीस टक्क्यांनी ताठ. पण या सरासऱ्या आहेत. एकाच जातीच्या दोन फळ्यांत वीस टक्क्यांचा फरक सहज सापडतो. एक झाड डोंगराच्या उतारावरचे, दुसरे नदीकाठचे. शिवाय ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मान २० मिलिमीटरऐवजी २२ केली, तर ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी ताठ होते. जातीची सारी महती दोन मिलिमीटरने झाकली जाते.

दुसरा गुण, आक्रसण्याचा. ओले लाकूड पूर्ण सुकताना वाढीच्या वलयांच्या दिशेने महोगनी सुमारे ४.३ टक्के आकसते, मेपल ९.९. महोगनीची खरी थोरवी ही आहे: ती हवामानाने फारशी हलत नाही, आणि अठराव्या शतकातल्या सुतारालाही नेमके हेच आवडले होते. पण मेपलचीच फळी अशी कापली की वलये पृष्ठभागाला काटकोनात उभी राहतील, तर रुंदीतली हालचाल ४.८ टक्क्यांवर येते. जात बदलावी लागली नाही. करवतीची दिशा बदलली.

ज्याला मान बनवून घ्यायची आहे, त्याने म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो फळी कशी कापली आहे याचा. तंतू मानेच्या लांबीला समांतर धावतात का, की मध्येच तिरके बाहेर पडतात? लाकूड किती वर्षे सुकवले? तुकडे एकाहून अधिक असतील तर शेजारच्या तुकड्यांचे तंतू उलटसुलट ठेवले आहेत का, म्हणजे एकाची मुरड दुसरा रोखेल? हेडस्टॉक त्याच तुकड्यातून वाकवून कापले आहे, की वेगळा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला आहे? तिरका सांधा पाहून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, ‘जोडाची मान’ म्हणतात. त्या सांध्यात तंतू दोन्ही बाजूंना सरळ राहतात आणि चांगला चिकटवला तर तो अखंड तुकड्याहून टिकतो. लाकूडही वाचते.

१३/
‘पण स्वर?’ हा आक्षेप मी टाळणार नाही. मान कंप पावते, आणि तिच्या कंपनामुळे काही पडद्यांवर स्वर लवकर विझतो, हे खरे आहे. मात्र तो परिणाम त्या विशिष्ट मानेच्या ताठपणाचा, वजनाचा आणि आकाराचा. जातीच्या नावाचा नव्हे. धडाच्या लाकडाबाबत तर प्रयोगही झाला आहे. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वगळता एकसारख्या सहा गिटारी बनवून घेतल्या, ब्राझीलच्या रोझवूडपासून अक्रोडापर्यंत, आणि ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवून वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वादकांच्या पसंतीत लक्षणीय फरक नाही. हा प्रयोग मानेचा नाही, हे लक्षात ठेवावे. पण धडाचे लाकूड मानेपेक्षा स्वराला जवळचे, आणि तिथेही महागडे नाव ओळखू आले नाही. स्पेनच्या आंतोनिओ दे तोर्रेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. खरा परंपरावादी माणूस इतका धीट असतो.

१४/
या श्रद्धेची किंमत झाडे मोजत आहेत, म्हणून मला राग येतो. ब्राझीलचे रोझवूड १९९२ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या सर्वांत कडक यादीत गेले. महोगनीची मुख्य व्यापारी जात २००३ पासून नियंत्रित आहे, सेड्रेला २०२० पासून. शिसवीसह रोझवूडचे सारे कूळ २ जानेवारी २०१७ रोजी यादीत आले. वादकांनी आणि कारखान्यांनी गाऱ्हाणे मांडल्यावर २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही. सह्याद्रीतली शिसव आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटप्रवण’ म्हणून नोंदलेली आहे.

आबनुसाचे पाहा. पट्टी काळीकुट्टच हवी, असा बाजाराचा हट्ट. झाड तोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही. कॅमेरूनमध्ये २०११ मध्ये आबनुसाची गिरणी चालवायला घेतल्यावर बॉब टेलर या अमेरिकी गिटारनिर्मात्याला कळले की तोडलेल्या दहा झाडांपैकी एखादेच पुरेसे काळे निघते आणि पट्ट्यापट्ट्यांची उरलेली झाडे रानातच कुजतात. स्वरात तसूभर फरक नसताना, केवळ रंगासाठी. टेलरने पट्ट्यांचे आबनूस वापरायला सुरुवात केली. आज ते बाजारात चालते. म्हणजे ‘परंपरा’ दहा वर्षांत बदलता येते.

१५/
२००९ आणि २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. दुसऱ्या छाप्यात सापडलेल्या मालात भारतातून आलेल्या रोझवूडच्या आणि आबनुसाच्या पट्ट्या होत्या. वाद काय होता? अमेरिकेचा लेसी कायदा सांगतो की दुसऱ्या देशाचा कायदा मोडून काढलेले लाकूड इथेही बेकायदा. भारतातून कापीव लाकूड निर्यात करण्यास बंदी. तयार भागांना मुभा. मग फिंगरबोर्डच्या मापात कापलेली, पण पडदे न बसवलेली पट्टी कच्चे लाकूड की तयार भाग? दुसऱ्या शब्दांत, त्या पट्टीवरचे उरलेले काम, आणि त्याची मजुरी, कोणाच्या देशात व्हायची? अमेरिकेत यावरून राजकीय सभा गाजल्या. २०१२ मध्ये तडजोड झाली: ३,००,००० डॉलर दंड, ५०,००० डॉलर निसर्गसंवर्धन निधीला, मादागास्करचे जप्त आबनूस सरकारजमा, भारतीय लाकूड मात्र कंपनीला परत. त्या काळात कंपनीने आपल्या काही मानी गिटारींवर भाजलेल्या मेपलच्या, तर काहींवर कागद आणि राळ दाबून केलेल्या फिंगरबोर्डच्या पट्ट्या बसवल्या. आकाश कोसळले नाही. तक्रारी झाल्या, पण त्यांतल्या बहुतेक डोळ्यांच्या होत्या.

१६/
आता माझ्या कारागिराच्या प्रश्नाचे उत्तर. ते मिळाले मिरजेत. तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे मूळच्या हत्यारे घडवणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तानपुरे केले. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तुंबा भोपळ्याचा, दांडी तून या लाकडाची. हलके, तांबूस, कोरायला मऊ. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या झाडाचे नाव शोधा: ‘सेड्रेला तूना’. स्पॅनिश कारागीर ज्याची मान करतो त्या झाडाच्याच गणात तेव्हाचे शास्त्रज्ञ तुनीला बसवत. पुढे गण वेगळा झाला, कूळ एकच राहिले. महोगनी, सेड्रेला, तून आणि आपला कडुनिंब, सगळे त्या एका कुळातले. मिरजेत आणि स्पेनमध्ये, एकमेकांना न विचारता, दोन वेगळ्या कारागिरांनी लांब, हलक्या दांडीसाठी जवळजवळ तेच लाकूड उचलले. मला यात परंपरेपेक्षा हाताची समज दिसते. आणि तून आजवर त्या नियंत्रित याद्यांत नाही.

सावध राहायला हवे, हेही नोंदवतो. तानपुऱ्याची दांडी आतून पोकळ असते, तिच्यावर ओढही वेगळी पडते. म्हणून ‘मिरजेला चालते ते गिटारला चालेलच’ असे म्हणणे म्हणजे मी ज्यांच्यावर टीका केली त्यांचीच चूक करणे. ताठपणात तून मेपलच्या बरोबरीची नाही. नायलॉनच्या चाळीस किलोंना ती पुरेल, पोलादी तारांना मी सुचवणार नाही. पुण्याचा मे महिना आणि कोकणातला जुलै एकाच वाद्याला सोसायचा आहे, ही गोष्टही कोणत्याच अमेरिकी माहितीपत्रकात नसते.

१७/
मी कारागिराला लिहून दिलेला तपशील असा. मान तुनीची, तीन उभे तुकडे, मधल्याचे तंतू उलटे. वलये उभी येतील अशी कापणी. किमान चार वर्षे सुकलेले लाकूड. नसेल तर थांबायची तयारी. हेडस्टॉक तिरक्या सांध्याने. मानेच्या पोटात कार्बन फायबरची पट्टी, चावीचा गज नाही. जाडी पहिल्या पडद्यापाशी २२ मिलिमीटर. त्याने वाचले, थोडा हसला आणि म्हणाला, ‘महोगनी लिहिली असती तर एका ओळीत काम झालं असतं.’ पण करायला तयार झाला.

राहिली फिंगरबोर्डची पट्टी. तिच्यासाठी नवे झाड तोडायला नको, म्हणून आजोळच्या माळ्यावर पडलेली शिसवी झोपाळ्याची फळी उतरवून आणली आहे. आजीने एकच विचारले, ‘तिचं वाजायचं काय करणार?’ सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब, साडेसहा रुंद एवढाच सलग तुकडा हवा आहे. कड्यांच्या खिळ्यांची भोके आणि एका कडेला लागलेली वाळवी टाळून तो निघतो का, हे येत्या रविवारी करवत लावल्यावर कळेल. फोटो याच धाग्यात टाकीन.